मांडीवर घेतले, सीमेवर टांगले!

अमेरिकेचे नागरिक असलेले मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क भारतीय माणसाला नाही, मग ते मूल सख्ख्या नात्यातले का असेना! जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्वाळा दिला. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठापुढे एक भारतीय जोडपे दाद मागायला आले होते. मूल त्यांच्या नात्यातले. 2019 मध्ये अमेरिकेत जन्मले, म्हणून जन्मतःच तिकडचे नागरिक. काही महिन्यांचे असताना इकडे आणले आणि या जोडप्याच्याच घरात वाढले. केंद्रीय दत्तक स्रोत प्राधिकरण, म्हणजे ज्याला सगळे ‘कारा’ म्हणतात, त्याने नोंदणी नाकारली. न्यायालयाने कायदा उघडला. 2015 चा बाल न्याय कायदा दोन प्रकारच्या मुलांसाठी आहे: काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली, आणि विधिसंघर्षग्रस्त. हे मूल अनाथ नाही, टाकलेले नाही, गुन्ह्यात सापडलेले नाही. दोन्ही खणांत ते बसत नाही. तेव्हा अमेरिकेत जा, तिथल्या कायद्याने दत्तकविधान पूर्ण करा, आणि मग इकडचे पुढचे सोपस्कार करा, असे सांगून याचिका फेटाळली गेली.

न्यायालयाने कायदा होता तसा वाचला. आमचा संताप न्यायालयावर नाही. आमचा संताप आहे तो कायद्यात एवढे मोठे भगदाड ठेवून निवांत बसलेल्या संसदेवर, ते भगदाड वर्षानुवर्षे दिसत असूनही एक दुरुस्ती न सुचवणाऱ्या खात्यांवर, आणि तितकाच आपल्या मराठी घरांवर, जी घरे कायद्याला न विचारता पोर या ओटीतून त्या ओटीत घालतात आणि पोर दहा वर्षांचे झाल्यावर वकिलाच्या पायऱ्या झिजवतात. प्रेमाने केले म्हणून मुलाचे नुकसान कमी होत नाही!

मुंबईचा निकाल, त्याची उठाठेव भिलाईच्या हुडको वसाहतीत कशाला, असे कुणी विचारील. त्याने आमदी नगरच्या कोणत्याही गल्लीत संध्याकाळी एक फेरी मारावी. विदर्भातून पोटासाठी इथे आलेल्या माणसांनी या पोलादाच्या गावात हयात घालवली. 1959 साली पहिली धमनभट्टी पेटली तेव्हापासून नागपूर, भंडारा, गोंदियाकडची कुटुंबे प्लँटमध्ये भरती होत गेली. सेक्टरमधले क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावे लागते, म्हणून अनेकांनी हुडकोत घर केले. मुले भिलाईच्या कोचिंगमधून आयआयटी-एनआयटीत गेली, तिथून पुणे-बंगळूर, आणि तिथून न्यू जर्सी, टोरांटो, मेलबर्न. आता त्याच घरांत आजी-आजोबा नातवंडे सांभाळतात. त्या नातवंडांचे पासपोर्ट परदेशी असतात. कपाटात आजोबांच्या पेन्शनच्या फाइलशेजारी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पासपोर्ट, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आणि लसीकरणाचे कागद ठेवलेले असतात. आजी वर्षातून एकदा ती पिशवी उघडून तारखा बघते आणि मुलाला फोन करते: “अरे, याची मुदत कधी संपते रे?”

अशा घरात थोरलीला मूल नाही आणि धाकटीला तिकडे दुसरे होणार असते. मग ठरते. स्वयंपाकघरात ठरते, व्हिडिओ कॉलवर ठरते. “दुसरं झालं की ताईच्या मांडीवर देऊ. घरचंच आहे, कागदाचं काय, होऊन जाईल.” किंवा उलट: परदेशात असलेल्या भावाला मूल नाही, इकडच्या भावाला तिसरे आहे. “तिकडं त्याचं सोनं होईल.” आणि मग सगळे दुर्गच्या कचेरीत जातात. स्टँप पेपर विकत घेतला जातो. छत्तीसगडात त्याला गोदनामा म्हणतात. अर्जीनवीस वर्षानुवर्षे घासलेला तोच मजकूर काढतो, नावे बदलतो, ‘शारीरिक रूपाने गोद दिले व घेतले’ हे वाक्य घालतो. फोटो चिकटवले जातात, दोन साक्षीदारांच्या सह्या, अंगठे, उपपंजीयकाचा शिक्का. घरी येऊन नारळ, हळदीकुंकू, पेढे. खरी आई आत जाऊन डोळे पुसते. आणि सगळ्यांना वाटते की झाले!

काहीही झालेले नाही. निदान सीमा ओलांडण्याच्या दृष्टीने तर काहीच नाही.

1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा वाईट नाही. तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. मूल पंधराच्या आतले हवे, अविवाहित हवे, आधी दत्तक गेलेले नको. मुलगा घ्यायचा तर घरात मुलगा, नातू, पणतू नको. मुलगी घ्यायची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नको. भिन्नलिंगी मूल घेताना एकवीस वर्षांचे अंतर हवे. होमहवनाची सक्ती नाही, पण देणे-घेणे प्रत्यक्ष झाले पाहिजे. पैसे घेता-देता येत नाहीत. दत्तकपत्र नोंदवले असेल तर न्यायालय ते खरे मानून चालते. गावातल्या गावात, वारसाहक्कासाठी, शाळेच्या दाखल्यासाठी हे पुरते. पण हा कायदा लिहिला गेला तेव्हा विमानतळ त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता. मुलाचे नागरिकत्व काय होईल, व्हिसा कोण देईल, याबद्दल त्यात एक ओळ नाही.

आणि त्यानंतर जग बदलले. आंतरदेशीय दत्तकाबाबतचा हेग करार 1993 चा. भारताने तो 2003 मध्ये मान्य केला. 2015 च्या कायद्याचे कलम 56 स्पष्ट सांगते की देशाबाहेरचे दत्तक याच कायद्याने होईल, आणि वैध हुकमाशिवाय मूल परदेशी नेणारा, पाठवणारा किंवा त्याचा ताबा देण्याच्या व्यवहारात भाग घेणारा शिक्षेस पात्र आहे. कलम 80 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. गोदनाम्यावर सही करणाऱ्या किती काकांना आणि मामांना हे ठाऊक आहे? कलम 60 नात्यातल्या मुलासाठी सरळ रस्ता देते. परदेशात राहणारे काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा यांनी इकडे हुकूम घ्यायचा आणि काराचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचे. पूर्वी हुकूम न्यायालय देई. 2021 च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. रस्ता आहे. त्यावर वेळ लागतो, घरची पाहणी होते, समाजसेविका प्रश्न विचारते, पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घेतली जाते. आपल्या माणसांना हेच नको असते. घरातल्या गोष्टीत परक्या बाईने डोकवायचे कशाला? आणि पोराला काय विचारायचे, त्याला काय कळते? असे म्हणणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला आमचे उत्तर आहे: ज्याचे आयुष्य उचलून दुसऱ्या खंडावर ठेवणार आहात, त्याला विचारलेच पाहिजे!

अमेरिकेचे उदाहरण घ्या, कारण भिलाईची पुष्कळ पोरे तिकडेच आहेत. अमेरिकेत हेग करार 1 एप्रिल 2008 पासून लागू झाला. भारतात राहणाऱ्या मुलासाठी क्रम ठरलेला आहे. आधी तिथल्या इमिग्रेशन खात्याने दत्तक घेणाऱ्यांची पात्रता मंजूर करायची, मग त्या विशिष्ट मुलासाठी तात्पुरती मंजुरी द्यायची, आणि त्यानंतरच इकडे दत्तकाचा हुकूम व्हायचा. क्रम उलटा केला, म्हणजे गोदनामा आधी आणि अर्ज नंतर, तर दार उघडण्याऐवजी बंद होते. पूर्वी दोन वर्षे मुलाचा ताबा आणि सहवास दाखवून, सोळाच्या आत दत्तक झालेल्या मुलासाठी अर्ज करता येई. भारतासारख्या करारबद्ध देशातून येणाऱ्या मुलांसाठी ती वाट जवळजवळ संपली. आणि हा हेगचा मार्गसुद्धा अमेरिकी नागरिकांपुरता आहे. ग्रीन कार्डवर असलेल्याला तो नाही, एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला तर नाहीच. “माझा भाऊ तिकडं सेटल आहे” एवढ्यावर पोर देणाऱ्यांनी आधी भावाला विचारावे, बाबा रे, तू नेमका कोणत्या कागदावर सेटल आहेस?

घाई करून, प्रेमापोटी केलेला गोदनामाच मुलाच्या व्हिसाच्या आड येतो. मूल नावाने काकाचे, राहते आजीजवळ. जन्मदात्यांनी हक्क सोडलेला, दत्तक आईबापांना त्याला नेता येत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक बाप, आधारवर दुसरा. बारा वर्षांच्या पोराला कुणी विचारले, तुझे आईबाबा कुठे असतात, तर त्याने काय सांगावे?

दुसरी पळवाट पालकत्वाची. 1890 चा पालक आणि पाल्य कायदा आजही जिवंत आहे. दत्तक जमत नाही ना, मग न्यायालयातून पालक नेमून घेऊ, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण पालकत्वाचा हुकूम म्हणजे सांभाळ करण्याची परवानगी. मूल सज्ञान झाले की तो संपतो. त्याने वारसाहक्क मिळत नाही, नाव बदलत नाही, नागरिकत्व तर नाहीच नाही. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना अनेक दशके या पालकत्वावरच भागवावे लागले. आधीच्या, 2000 च्या बाल न्याय कायद्याने त्यांना दत्तकाचा मार्ग खुला केला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शबनम हाश्मी खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केले. भिलाईत सगळ्या धर्मांची माणसे राहतात. त्यांनी हे ऐकावे. आता अर्ध्या नात्यावर भागवण्याचे कारण उरलेले नाही.

अर्ध्या कागदावर सीमा ओलांडलेल्या मुलाचे काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. 1989 साली सात-आठ वर्षांची एक मुलगी मुंबईहून अमेरिकेला पाठवली गेली. त्या काळच्या रीतीप्रमाणे परदेशी जोडप्याला इथल्या न्यायालयाने पालक नेमले, दत्तक तिकडे व्हायचे होते. तिकडे तिचे हाल झाले. एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, अशी ती सरकारी पालनगृहांतून फिरत राहिली. आणि या सगळ्यात तिच्या नागरिकत्वाचे कागद कुणीच पूर्ण केले नाहीत. ना नेणाऱ्यांनी, ना संस्थेने, ना इकडच्या सरकारने. अमेरिकेने 2000 मध्ये दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा केला, तो 27 फेब्रुवारी 2001 रोजी अमलात आला, पण त्या दिवशी जे अठराच्या आत होते त्यांच्यापुरता. तिचे अठरावे सरून गेले होते. पुढे अमली पदार्थांच्या गुन्ह्यात ती दोषी ठरली. तिच्या वयाच्या कोणत्याही अमेरिकी बाईला शिक्षा भोगून घरी जाता आले असते. हिला 2008 साली उचलून मुंबईच्या विमानात बसवले! नवरा तिकडे, दोन लहान मुले तिकडे, आणि ही अशा शहरात जिथली एकही भाषा तिला येत नव्हती. तिने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली.

तिने गुन्हा केला होता, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ती अमेरिकेत स्वतःच्या पायांनी गेली नव्हती. तिला पाठवले होते. पाठवणाऱ्यांनी तिला कुठलीच ठेवली नाही आणि शिक्षा मात्र तिला झाली. ही जबाबदारी कोणाची होती? ज्या देशाने आपले लेकरू विमानात बसवले, त्या देशाची! ते लेकरू उतरल्यावर तिथले नागरिक होईल याची हमी घेतल्याशिवाय त्याला दारातून बाहेर सोडायला नको होते.

दक्षिण कोरियाने हजारो मुले अशीच परदेशी पाठवली. मार्च 2025 मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने कबूल केले की त्या व्यवहारात मुलांच्या हक्कांची पायमल्ली झाली आणि सरकार त्याला जबाबदार होते. चीनने सप्टेंबर 2024 मध्ये नात्यातली मुले वगळता परदेशी दत्तक बंद केले. भारताला बंदी घालायची गरज नाही. पण कोरियासारखे तीन-चार दशकांनी आयोग नेमून पश्चात्ताप करण्याची पाळी आपल्यावर आणायची काय?

कडक कायदा नको, असे आम्ही म्हणत नाही, हे इथेच ठासून सांगतो. कायदा कडक का झाला, हेही विसरायला नको. वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले की दत्तकाच्या नावाखाली मुलांची ने-आण होते आहे. न्या. भगवती यांनी त्या पत्रालाच याचिका मानले आणि फेब्रुवारी 1984 मध्ये ऐतिहासिक निकाल दिला. त्यातूनच पुढे 1990 मध्ये कारा जन्माला आली. पुण्यातल्या प्रीत मंदिर प्रकरणात 2010 मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाला उतरावे लागले. 2017 मध्ये टेक्सासमध्ये बिहारमधून दत्तक नेलेली तीन वर्षांची मुलगी जिवाला मुकली आणि तिच्या दत्तक बापाला जन्मठेप झाली. अशी उदाहरणे समोर असताना नियम ढिले करा म्हणणारा माणूस मुलांचा शत्रू आहे. आम्ही ढिलाई मागत नाही. कायद्यात जिथे काहीच नाही तिथे काहीतरी असावे, एवढेच मागतो. अनाथ नाही आणि गुन्हेगार नाही म्हणून ज्या मुलाला देशाच्या दत्तक कायद्यात जागा नाही, त्याचा दोष काय? त्याला घर आहे, हा?

परदेशी पासपोर्टाच्या मुलाला इकडे घ्यायचे असेल तर आजचा नियम एवढेच सांगतो: दत्तक तिकडच्या कायद्याने तिकडे पूर्ण करा, काराची संमती घ्या, मुलासाठी परदेशी पासपोर्टवर भारतीय वकिलातीतून व्हिसा घ्या, गृहखात्याच्या परकीय विभागाची परवानगी मिळवा. जे मूल खरोखर परदेशात राहते त्याच्यासाठी हे ठीक आहे. पण जे मूल सहा महिन्यांचे असल्यापासून हुडकोतल्या घरात राहते, ज्याला शिवनाथ नदी आणि दुर्गची गर्दी सोडून दुसरे जग ठाऊक नाही, त्याला दत्तक होण्यासाठी अमेरिकेत परत पाठवायचे? तिथल्या न्यायालयाने तरी त्याच्याकडे का बघावे? ते तिकडे राहत नाही, घेणारे आईबाप तिकडे राहत नाहीत. इकडचा कायदा म्हणतो तिकडे जा, तिकडचा म्हणेल तू इकडचा!

आणि समजा, कसेबसे दत्तक झाले. त्या मुलाचे भारतीय नागरिकत्व? 1955 च्या नागरिकत्व कायद्यात दत्तक मुलासाठी स्वतंत्र, स्वच्छ तरतूद नाही. कलम 5 खाली भारतीय नागरिकांच्या अज्ञान मुलांची नोंदणी करता येते, पण दत्तक होताच नागरिकत्व मिळेल असे कुठेही म्हटलेले नाही. मग ते मूल ओसीआय कार्डावर वाढते. भिलाईत याचा अर्थ काय होतो, ते कोचिंगच्या दारात उभे राहून बघा. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेने ओसीआय कार्डधारकांना नीट आणि जेईईत भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागा बंद झाल्या; त्यांनी अनिवासी भारतीयांच्या किंवा जादा जागांसाठी झगडावे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये त्या तारखेआधीच्या कार्डधारकांना वाचवले. त्यानंतर कार्ड मिळालेले मूल मात्र भिलाईच्या शाळेत, भिलाईच्या उन्हात, शेजारच्या पोराच्या बाकावर बसून तेच भौतिकशास्त्र शिकूनही शेवटी परकेच. आजोबांनी तीस वर्षे भट्टीपुढे उभे राहून या देशाचे पोलाद केले, त्यांच्या मांडीवरच्या नातवाला देश म्हणतो, तू आमचा नाहीस!

दत्तक अमान्य झाले की काय होते हे या मातीला नवीन नाही. हा सगळा छत्तीसगडचा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा होता. तिसरे रघुजी डिसेंबर 1853 मध्ये वारस नसताना गेले. राजघराण्याने केलेले दत्तक डलहौसीने मान्य केले नाही आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, त्याबरोबर छत्तीसगडही. सातारा 1848 मध्ये असाच गेला. साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू मांडायला रंगो बापूजी जवळजवळ चौदा वर्षे लंडनमध्ये खेटे घालत राहिले. आपले दत्तकविधान परक्या सरकारने मोडीत काढले म्हणून हा समाज पेटून उठला होता. राज्यासाठी जो संताप आला, तो एका पोराच्या नागरिकत्वासाठी का येत नाही? राज्ये येतात आणि जातात. मुलाचे बालपण परत येत नाही.

आता घरातल्यांशी दोन शब्द, आणि ते कडू लागले तरी चालतील. तुम्हाला ‘आपल्याच रक्ताचे’ मूल हवे असते. म्हणून अमेरिकेतल्या बहिणीच्या पोटाकडे डोळे लावून बसता, आणि दुर्ग-रायपूरच्या शिशुगृहातल्या मुलाकडे पाहत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1874 मध्ये एका ब्राह्मण विधवेचे मूल मांडीवर घेतले, त्याला यशवंत नाव दिले, डॉक्टर केले. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी यशवंताच्या हक्काला हरकत घेतली, रक्ताचा नाही म्हणून. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरून अंत्ययात्रेपुढे चालण्याचे धैर्य दाखवले. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, आणि आपण अजून रक्त तपासतो आहोत! नात्यातले मूल घेणे पाप नाही. पण केवळ रक्ताच्या हट्टापायी एखाद्या मुलाला दोन पासपोर्टांच्या मध्ये लोंबकळत ठेवणार असाल, तर ते दत्तक मुलासाठी नाही, तुमच्या वंशाच्या नावासाठी आहे.

शिवाय लपवाछपवी. ‘त्याला कळता कामा नये.’ मूल दहा वर्षांचे होते, पासपोर्टचा अर्ज भरायची वेळ येते आणि जन्मदाखल्यावर भलतीच नावे निघतात. मुलाला ते एखाद्या खिडकीवरच्या कारकुनाकडून कळते. याहून मोठी क्रूरता आम्हाला सुचत नाही. मुलाला सांगा. लहानपणीच सांगा. कागद आणि सत्य दोन्ही एकाच पिशवीत ठेवा.

आमची मागणी गुळमुळीत नाही. संसदेने बाल न्याय कायद्यात दुरुस्ती करून नात्यातल्या परदेशी नागरिक मुलासाठी स्वतंत्र कलम घालावे: मूल ठरावीक काळ सलग भारतात राहत असेल, जन्मदात्यांची लेखी आणि तपासलेली संमती असेल, मुलाच्या देशाच्या वकिलातीला कळवलेले असेल, तर इथल्या अधिकाऱ्यासमोर, काराच्या देखरेखीखाली इथेच दत्तक व्हावे. नागरिकत्व कायद्यात एक स्वच्छ वाक्य यावे की भारतीय नागरिकाने कायदेशीर दत्तक घेतलेले अज्ञान मूल हुकमाच्या दिवसापासून भारतीय नागरिक होईल. परदेशी जाणाऱ्या मुलाला काराने ना-हरकत देताना, ते मूल तिथे उतरताच किंवा ठरलेल्या मुदतीत नागरिक होईल याचा लेखी पुरावा घ्यावा. आणि दोन वर्षांचे पाठपुरावा अहवाल आले की फाइल बंद, ही पद्धत मोडून नागरिकत्वाचा दाखला हातात पडेपर्यंत फाइल उघडी ठेवावी. दुर्गच्या खासदारांनी, रायपूरच्या खासदारांनी, आणि महाराष्ट्रातल्या अठ्ठेचाळीस खासदारांनी हा प्रश्न सभागृहात मांडावा. परदेशातल्या मराठी माणसाच्या सत्काराला जाताना तुमचे पाय थकत नाहीत. त्याच्या पोराच्या प्रश्नावर तोंड उघडा!

छत्तीसगड सरकारला मात्र संसदेची वाट पाहायची गरज नाही. महिला व बालविकास खात्याने उद्या एक परिपत्रक काढावे. उपपंजीयकाकडे गोदनामा आला की दोन प्रश्न लेखी विचारले जावेत: मूल कोणत्या देशाचे नागरिक आहे, आणि घेणारे कुठे राहतात. दोन्हींपैकी एका उत्तरात परदेश आला, तर त्याच दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे आणि कुटुंबाला कलम 56 व 60 हिंदीत आणि मराठीत छापलेला कागद हातात द्यावा. याला खर्च लागत नाही, कायदा बदलावा लागत नाही. दुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ही सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करावी, आणि केली की नाही हे आम्ही महिन्याभराने याच जागी विचारू.